पंख्याच्या पाठीवरचे खड्डे

वागळे इस्टेटमधल्या त्या फाउंड्रीत मला बिलं टाइप करायला घेतलेलं. ऐंशीचं दशक संपत आलेलं. मालकांनी नुकताच एक कॉम्प्युटर आणलेला आणि त्याला हात लावायला ऑफिसात कोणी धजत नव्हतं. मी गणितात एम.एस्सी., डोंबिवलीत आई-वडिलांकडे राहणारी, दोन वर्षं शाळा-कॉलेजांचे नकार पचवलेली. मुलाखतीत मालकांनी विचारलं, "टायपिंग येतं?" मी हो म्हटलं. "कॉम्प्युटर?" त्यालाही हो म्हटलं. कॉलेजात एक वर्ष प्रोग्रॅमिंग शिकलेले, तेवढ्याच्या जोरावर. गणिताबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

फाउंड्रीत बोटींचे प्रोपेलर ओतले जायचे. गिऱ्हाईकं त्याला पंखा म्हणायची म्हणून आम्हीही पंखाच म्हणायचो. ब्राँझचे, तीन किंवा चार पात्यांचे. काही मासेमारीच्या बोटींना जायचे, काही खाडीतून रेती वाहणाऱ्या बार्जना.

एक दिवस सकाळी एका टेम्पोतून असाच एक पंखा परत आला. सोबत पन्नाशीची एक बाई, गुडघ्याजवळ खोचलेलं लुगडं, कानात जाड सोनं. खाडीकाठच्या आगरी गावातली. नवरा गेल्यावर बार्ज तीच चालवत होती. तिने दोन हमालांकडून तो पंखा उचलवला आणि थेट मालकांच्या केबिनच्या दारात ठेवला. आत जायला जेमतेम वाट राहिली.

"तिसरा पंखा हाय यो," ती म्हणाली. "बघा काय झालंय त्याचं."

पात्यांवर खड्डे पडलेले. स्पंजासारखे, एकाला एक लागून, काही तर बोटाचं पेर जाईल इतके खोल. मालकांनी बसल्या जागेवरून पाहिलं आणि म्हणाले, "रेतीत चालवता ना, रेती खाते. त्याला आम्ही काय करणार?"

"मना रेती शिकवू नका," ती म्हणाली. "माजा बापूस बुऱ्या मारून रेती कारायचा. रेती घासते. यी घासल्यासारकी दिसते का?"

त्या दिवशी आमचे सल्लागारही ऑफिसात होते. नौपाड्यात राहणारे, मोठ्या जहाजबांधणी कारखान्यातून निवृत्त झालेले, आठवड्यातून दोनदा यायचे. फाउंड्रीतल्या प्रत्येक पंख्याचं डिझाइन त्यांचं, आणि ड्रॉइंगं त्यांच्या कपाटात कुलूपबंद. त्यांनी चष्मा लावला, एका पात्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "लिहून घ्या. वाळूच्या घर्षणाने झालेली झीज. उत्पादनात दोष नाही."

मी वही घेऊन तिथेच उभी होते. लिहिण्याआधी मी वाकून पात्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या. पात्याची जी बाजू पाणी मागे ढकलते तिला पोट म्हणतात आणि उलटीला पाठ. पोट गुळगुळीत होतं, जरा झिजलेलं. खड्डे सगळे पाठीवर.

"सर," मी म्हटलं, "रेती तर पोटाला जास्त घासायला हवी ना? खड्डे पाठीवरच का?"

सल्लागारांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "तुम्ही बिलं टाइप करा," ते म्हणाले. आवाज अगदी शांत, सौजन्याचा. तो शांतपणाच मला लागला. आरडाओरडा केला असता तर कदाचित मी विसरून गेले असते.

मी ते वाक्य लिहून घेतलं, टाइपही केलं. कागद घेताना ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुला दिसलं ना?" मी मान हलवली. ती कागदाची घडी करून कंबरेला खोचून निघून गेली. पंखा मात्र तिथेच सोडून गेली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी मुंबईतल्या एका तांत्रिक ग्रंथालयात गेले. एका ओळखीने तिथे बसून वाचायची परवानगी मिळवलेली. तीन-चार फेऱ्यांमध्ये मला त्या खड्ड्यांचं नाव सापडलं: कॅव्हिटेशन. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, हे आपल्याला माहीत असतं. दाब खूप पडला तर उलटं होतं, थंड पाणीच उकळतं. पंखा फिरताना पाठीवरून पाणी जोरात धावतं, तिथला दाब पडतो आणि खाडीतल्या खाडीत पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात. ते पुढे सरकले, दाब परत वाढला, की आत मिटतात. मिटताना धातूवर बारीक घण बसावा तसे बसतात. मिनिटाला शेकडो फेऱ्या, दिवसाचे आठ-दहा तास. ब्राँझ तरी किती दिवस टिकणार?

मला खरा धक्का पुढच्या प्रकरणात बसला. पात्यावर कुठे किती दाब पडेल ते आधीच मोजता येतं, आणि त्याचं गणित माझ्या ओळखीचं निघालं. एम.एस्सी.ला ज्या प्रकारची समीकरणं आम्ही नुसती परीक्षेपुरती सोडवलेली, तीच ही. तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं की त्यांच्या पलीकडच्या टोकाला एखादी बोट असते. पुस्तक घरी न्यायला देत नव्हते. मी पानंच्या पानं हाताने उतरवून आणली.

पद्धत समजायला अवघड नाही. पात्याचे साठ तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा जवळून जाणाऱ्या पाण्याला थोडं वळवतो, आणि बाकीच्या सगळ्या तुकड्यांजवळच्या पाण्यालाही. पाणी कुठेच पात्याच्या आरपार जाता कामा नये, ही अट. साठ अज्ञात, साठ समीकरणं. ती सुटली की प्रत्येक तुकड्यावरचा दाब कळतो, आणि जिथे तो पाण्याच्या वाफेच्या दाबाखाली जातो तिथे बुडबुडे. हाताने सोडवायला एक आयुष्य गेलं असतं. पण समोर कॉम्प्युटर होता आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो रिकामाच असायचा.

दोन आठवड्यांत मालकांनी पकडलं. स्क्रीनवर हिरव्या आकड्यांच्या रांगा पळत होत्या.

"हे पगारपत्रक आहे?"

"नाही. त्या परत आलेल्या पंख्याचं गणित आहे."

"कोणी सांगितलं करायला?"

"कोणी नाही. डबा खायच्या वेळात करते. सुट्टीच्या दिवशीही येईन, वॉचमनला तेवढं सांगून ठेवा."

"त्याचा पगार मिळणार नाही."

"मी मागितला नाही."

त्यांनी खांदे उडवले. वॉचमनला सांगितलंही असावं, कारण पुढच्या सुट्टीला गेट उघडलं.

पात्याचा नेमका आकार मात्र हवा होता आणि ड्रॉइंग कुलपात. मी सल्लागारांकडे रीतसर मागितलं. "ती गोपनीय असतात," ते म्हणाले. मग मी मागच्या शेडमध्ये गेले. तिथे आमचे पॅटर्नमेकर बसायचे. पंखा ओतण्याआधी त्याची लाकडी प्रतिकृती लागते, ती तेच कोरायचे. साठी जवळ आलेले मिस्त्रीकाका, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. मी म्हटलं, "काका, मला पात्याची मापं घ्यायचीत."

"ड्रॉइंग बघ की."

"देत नाहीत."

ते हसले. "ड्रॉइंगमध्ये तरी कुठे आहे खरा आकार? खरा इथे आहे," म्हणून त्यांनी फळीवरचं त्याच पंख्याचं लाकडी पातं माझ्या हातात दिलं. चार दिवस दुपारी आम्ही दोघांनी पट्टी, गुण्या आणि पुठ्ठ्याचे कापलेले आकार लावून ते मोजलं. धातू थंड होताना आटतो म्हणून लाकूड किती मोठं ठेवतात, ते कुठे वजा करायचं, हे त्यांनीच शिकवलं. ते कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

मापं घातली. कॉम्प्युटरने दोन तास घेतले. उत्तर आलं: दाब कुठेच पुरेसा पडत नाही. एकही बुडबुडा नाही. मी आकडे तपासले, परत चालवलं. तेच.

ही बातमी सल्लागारांपर्यंत कशी पोचली माहीत नाही. पुढच्या वेळी ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. "म्हणजे तुमच्या गणिताने माझं डिझाइन निर्दोष ठरवलं तर," ते म्हणाले. "आभारी आहे. आता हे लेखी द्या." ऑफिसातले दोघे-तिघे हसले.

"नाही देणार," मी म्हटलं. "खड्डे खरे आहेत सर. ते तिथे दारात पडलेत. म्हणजे गणित चुकलंय. चूक सापडली की लेखी देईन."

घरी वडील म्हणाले, "अगं, चांगली नोकरी आहे. कशाला नको त्यात पडतेस?" त्या आठवड्यात मी बिलांमध्येही दोन चुका केल्या.

मग सुचलं ते इतकं साधं की लाज वाटली. मी आतापर्यंत त्या बाईची बार्ज बघितलीच नव्हती.

डोंबिवली पश्चिमेचं रेतीबंदर आमच्या घरापासून चालत पाऊण तासावर. चोवीस वर्षं त्या गावात राहून मी एकदाही तिथे गेलेले नव्हते. रेतीचे ओले ढीग, ट्रकच्या रांगा, आणि बायका म्हणाव्या तर डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या. सलवार-कमीजमधली, चपला हातात घेतलेली मी दिसताच गडी थांबून बघायला लागले. त्या बाईने मात्र लगेच ओळखलं. "ये गो बाय. टायपवाली ना तू?"

बार्ज म्हणजे एक लांबलचक लोखंडी पेटी. मागची बाजू चपटी, रुंद, भिंतीसारखी, आणि पंखा त्या भिंतीला लागून. मी विचारलं, "मावशी, इथलं पाणी कसं वाहतं?"

"वाहतं कुटं? बोट पुरं जाते, मागचं पानी तिच्या संगतीच येतं. उभंच रातं. पान टाकून बघ."

समोरून दुसरी बार्ज अगदी जवळून जात होती, तिच्या मागे तिने पिंपळाचं एक पान टाकलं. कडेचा कचरा मागे पडत गेला, पान मात्र त्या बार्जबरोबरच ओढलं गेलं. मी बघत राहिले. माझ्या गणितात पंख्याला सगळीकडून सारख्या वेगाने पाणी मिळत होतं. इथे वरच्या बाजूला जवळजवळ मेलेलं पाणी होतं. पातं फिरत फिरत वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आलं की त्या मंद पाण्यात घुसणार, त्याला पाणी एकदम तिरकं लागणार, पाठीवरचा दाब कोसळणार. दर फेरीला एकदा.

आता तो वेग मोजायचा होता. मिस्त्रीकाकांनी पितळेची एक नळी टोकाला काटकोनात वाकवून दिली, वर प्लास्टिकची पारदर्शक नळी जोडून. तोंड समोरच्या पाण्याकडे धरलं की पाणी नळीत चढतं. वेग जास्त तितकं उंच. बाईची बार्ज तशीही पंख्यावाचून उभी होती. तिच्या भावाने आपल्या बार्जला दोर बांधून ती खाडीत ओढली. मी मागच्या काठावर बांबूला बांधलेली नळी घेऊन आडवी झाले, आणि बाईने माझी ओढणी आणि कंबर दोन्ही घट्ट धरली. मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही.

बार्जच्या कडेला पाणी दीड वीत चढलं. मागे, पंख्याच्या वरच्या जागी, जेमतेम चार बोटं.

"मिळालं?" तिने विचारलं.

"मिळालं."

"मग उठ आता. हात भरून आले माजे."

नवे आकडे घातले. फेरीत पातं जिथे जिथे येईल त्या प्रत्येक जागेसाठी वेगळं गणित, म्हणजे सुट्टीचे तीन दिवस गेले. या वेळी कागदावर, पाठीच्या बाहेरच्या भागात, पुढच्या कडेपासून मागे पसरलेला एक डाग उमटला. मी कागद दारातल्या पंख्याशी नेऊन धरला. डाग आणि खड्डे एकमेकांवर बसत होते.

सल्लागारांनी कागद नीट वाचला, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, "उत्तर समोर होतं. गणित त्याला जुळेपर्यंत फिरवलंत. याला भाकीत म्हणत नाहीत."

मला राग आला, पण ते म्हणत होते त्यात तथ्य होतं. म्हणून मी मालकांसमोरच म्हटलं, "ठीक आहे. मी आधी सांगते. बाईच्या भावाची बार्जही तशीच, मागून चपटी. तिला आपला नवा पंखा चाललाय, तीन पात्यांचा. तो अजून पाण्यात गेलेला नाही. खड्डे कुठे पडायला लागतील ते मी आज काढून देते. चुकले तर परत या विषयावर तोंड उघडणार नाही."

"आणि बरोबर आलं तर?" मालकांनी विचारलं.

"तर ऐकून घ्यायचं."

चित्र मी ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावलं, खाली सही करून. मिस्त्रीकाकांनी पंख्याच्या पात्यांना दोन्ही बाजूंनी वर्कशॉपमधल्या मार्किंगच्या निळ्या रंगाचा पातळ हात दिला. बुडबुडे जिथे मिटतील तिथला रंग धातूआधी उडणार. पंखा बसला, बार्जने दोन दिवस रेतीच्या खेपा केल्या, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला ती चिखलात टेकली.

मालक आले. बूट काढून, पँट दुमडून चिखलात उतरले, तेव्हा माझा त्यांच्याबद्दलचा आदर थोडा वाढला. सल्लागार वर बांधावर छत्री घेऊन थांबले.

पोटाच्या बाजूचा निळा सगळीकडून सारखा फिका झालेला. ते रेतीचं काम. पाठीवरचा निळा मात्र जागच्या जागी होता, आणि बाहेरच्या भागात, पुढच्या कडेला लागून, एका घेवड्याच्या आकाराच्या डागात साफ उडालेला. आतलं ब्राँझ चमकत होतं. तिन्ही पात्यांवर. मालकांनी बोर्डावरचं चित्र खिशात घालून आणलेलं. त्यांनी ते काढून एकेका पात्याला लावून पाहिलं.

"टोकाला हा बोटभर पट्टाही उडालाय बघा," मी म्हटलं. "हा माझ्या चित्रात नाही. हा मला आला नाही."

बांधावरून सल्लागार म्हणाले, "म्हणजे चुकलंच की."

त्या बाईने मान वर केली. "ती खाली चिखलान् उभी राहून आपली चूक सांगते," ती म्हणाली, "तुमी छत्रीखालून सांगता. उतरा की."

ते उतरले नाहीत.

ती तिथेच मालकांना म्हणाली, "ही सांगंल तसा पंखा देत असशील तर घेते. नाय तर दुसरीकरं जाते. आनि आमचं सगलं बंदर माज्या मागं येल." त्या शेवटच्या वाक्याने काम केलं, माझ्या साठ समीकरणांनी नव्हे. हे मला तेव्हाही माहीत होतं.

नव्या पात्याला मी रुंदी वाढवली, म्हणजे तोच जोर जास्त जागेवर वाटला जाईल, आणि बाहेरच्या भागातला पीळ थोडा उतरवला, म्हणजे तिथे पाणी कमी तिरकं लागेल. अकरा वेळा गणित केलं. मिस्त्रीकाकांनी लाकूड कोरताना एकदा मला बोलावून म्हटलं, "ही कड इतकी पातळ ओततानाच वाकडी होईल, पोरी. जाड कर." मी जाड केली आणि बारावं गणित केलं. पावसाळ्यानंतरचा पूर्ण हंगाम तो पंखा चालला. उतरवला तेव्हा टोकाजवळ तिळाएवढे खड्डे होते. बाकी पाठ साफ.

त्यानंतर गिऱ्हाईकं तसे पंखे मागून मागून न्यायला लागली. मालकांनी एक माहितीपत्रक काढायचं ठरवलं आणि मजकूर माझ्याकडे टाइप करायला आला. त्यात लिहिलेलं की हे नवं पातं आमच्या अनुभवी सल्लागारांनी शास्त्रीय पद्धतीने विकसित केलं आहे.

मी कागद परत नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. "हे मी टाइप करणार नाही."

"अगं, सरांच्या नावावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. तुझं नाव कोण ओळखतं?"

"रेतीबंदरावर विचारा."

"हट्ट करू नकोस. नोकरी टायपिंगची आहे तुझी."

"मग काढून टाका. पण हे वाक्य माझ्या हातून उमटणार नाही. माझं आणि मिस्त्रीकाकांचं नाव घाला, लगेच टाइप करते."

त्यांनी मला काढलं नाही, कारण कॉम्प्युटर दुसऱ्या कोणाला येत नव्हता. नावंही घातली नाहीत. ते वाक्य त्यांनी शेवटी स्वतः टाइप केलं, दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत. सकाळचे दोन तास लागले. मी शेजारच्या खुर्चीत बसून होते. एकदा त्यांना ओळ खोडता येईना, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

पत्रक निघाल्यावर एका बोटमालकाने गणिताचे कागद मागितले. सल्लागार ते घेऊन माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "या तिसऱ्या पानावरचं जरा समजावून सांगता का?" मी म्हटलं, "सर, शेजारी खुर्ची घ्या, पहिल्या पानापासून सांगते. पण सही मी करेन." त्यांनी कागद टेबलावर ठेवले आणि गेले. त्या कागदांवर माझी सही गेली. मालकांनी ती बघितली आणि कागद तसेच पाठवून दिले.

आणखी दीड वर्ष मी तिथे काढलं. मग स्वतःचा जुना कॉम्प्युटर घेऊन डोंबिवलीत एका दवाखान्याच्या वरची खोली भाड्याने घेतली. पंखे, पंपांची आतली चाकं, पाण्यात फिरणारं काहीही. आईला वाटत होतं तीन महिन्यांत बंद होईल. पहिल्या महिन्यात कोणी आलंच नाही. दुसऱ्या महिन्यात एमआयडीसीतला एक पंप बनवणारा जिना चढून आला, दार अर्धं उघडून त्याने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "साहेब कधी येतील?"

"साहेब नाहीत," मी म्हटलं. "पंपाचं काय झालंय ते सांगा."

तो दारातच घुटमळला. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चाक काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. मी कागद सोडला, ते उजेडाकडे वळवलं आणि बोटाने पाठ चाचपायला लागले.